कॉम्प्युटरला शिवलेली खोळ

चालत्या वस्तूला हात लावल्याशिवाय मुलाला चैन पडत नाही, ही आईंची जुनी तक्रार. लहानपणी त्यानं घड्याळं उघडली, मोठेपणी नळ, आणि आता बायकोचा कॉम्प्युटर. तोही त्यानंच बांधलेला, एकेक भाग वेगवेगळ्या दुकानांतून आणून. पंखा मोठा निघाला, डब्याची एक बाजू बसेना, तर ती उघडीच ठेवली. त्याला हवा लागते म्हणे! हवा माणसांना लागते, आई म्हणाल्या होत्या.

सून घरी बसून स्वयंपाकघरांचे नकाशे काढते. तिच्या प्रोग्रॅमनं सकाळी हात वर केले: जुन्या सिस्टिमवर चालणार नाही, नवी घाला. संध्याकाळपर्यंत नकाशा सुताराकडे पोचला नाही तर काम दुसरीकडे जाणार, आणि हे तिचं पहिलंच मोठं काम. त्या सुतारापुढे आईंनीच छाती ठोकून सांगितलं होतं, की माझ्या सुनेसारखी रेघ कुणाची नाही.

मुलानं बाह्या सरसावल्या. चहा उकळेपर्यंत नवी सिस्टिम चढवतो, म्हणाला. पडद्यावर चक्र फिरू लागलं, खाली सूचना आली की कॉम्प्युटर बंद करू नका. मुलगा निवांत अंघोळीला गेला.

आता या घराचा नियम असा, की ज्या विजेच्या वस्तूवर माणसाचा हात नाही, तिच्यावर खोळ. मिक्सरला खोळ, इस्त्रीला खोळ. पाहुणा जास्त वेळ बसला तर त्याचंही माप घेतील, असं सून माहेरी सांगते. आईंनी डोकावून पाहिलं. खुर्ची रिकामी, कॉम्प्युटर रिकामटेकडा, वर पोट उघडं. त्यांनी कापूस भरलेली जाड खोळ आणली आणि डब्याला पार खालपर्यंत घातली.

मुलगा आला तर पडदा काळा. त्यानं खोळ काढली आणि काळ्या पडद्याकडे बघून कपाळाला हात लावला. जन्मापासून या घरात प्रत्येक वस्तू खोळ काढूनच वापरलेली. हात आपसूक काढतो, डोळ्यांना पत्ताही लागत नाही.

त्यानं प्रिंटरवर संशय घेऊन त्याची वायर उपटली आणि पुन्हा सुरू केलं. स्वतः समोर बसला होता तोवर सगळं सुरळीत. जेवायला उठला, की खोळ, की बंद. मग मेमरीची एक पट्टी काढून पाहिली. जुने फोटो उडवून जागा केली. मित्राला फोन लावला. नव्या सिस्टिममध्येच खोट आहे, सगळं जग रडतंय, असं मित्र म्हणाला. हे ऐकायला मुलगा गॅलरीत गेला होता, त्यामुळे कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला.

घासलेली भांडी सुनेनं पुन्हा घासायला घेतली. आईंना ते बघवेना. सुताराला आता तोंड कसं दाखवायचं?

उन्हं उतरली. मुलानं वायर विजेच्या दुसऱ्या बोर्डात खोचली, पुन्हा सुरू केलं आणि पाणी प्यायला गेला. आईंनी खोळ घातली. तेवढ्यात सून आली. तिनं सासूचा हात धरून खोळीखाली डब्यावर टेकवला. डबा तव्यासारखा तापलेला, आत पंखा कण्हतोय.

"आई," सून हळूच म्हणाली, "जीव घुसमटतोय हो याचा."

आईंनी खोळीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग खोळ ओढून काढली, स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. सिस्टिम पूर्ण चढेपर्यंत हलल्या नाहीत. मुलानं म्हटलं, आई, तू उगाच अवघडतेस. त्या म्हणाल्या, मला इथं बरं वाटतंय.

नकाशा वेळेत सुताराकडे गेला. त्याचा निरोप आला, मिळाला, उद्यापासून काम सुरू. सुनेनं डोळे पुसले आणि हसू आवरायला भिंतीकडे तोंड केलं. मुलगा मात्र मित्राला फोनवर समजावत होता, की दोष बोर्डात होता, कुणाच्याच लक्षात आला नसता. फोन ठेवून तो कौतुकाच्या आशेनं आईकडे वळला.

आई स्टुलावरूनच म्हणाल्या, "तुझं डोकं ठिकाणावर आहे रे. बूड नाही. सकाळीच खुर्चीला टेकवून बसला असतास, तर माझ्या सुनेला दिवसभर रडवलं नसतंस."