चौथ्या टेबलावर वाढणारे गठ्ठे

“भूमध्य समुद्राच्या पूर्वेला माझ्यासारखा डिटेक्टिव नाय. पश्चिमेचं मी अजून चेक केलं नाय,” पिन्हास अंकल म्हणाले. ते इस्राएलातल्या अश्दोद बंदराजवळच्या आमच्या गणवेश-कारखान्याचे रखवालदार. मी निमिष, २००१ साली तिथे कॉम्प्युटर बसवायला पुण्याहून आलेलो. मराठीत विचारल्यावर मराठीत उत्तर देणारा तरुण मी एकटाच, म्हणून त्यांचा साहाय्यक.

शुलामिथ मावशी रडकुंडीला आल्या होत्या. बटणं लावायची टेबलं चार. पण कपड्यांचे गठ्ठे पडत सगळे त्यांच्याच, चौथ्या टेबलावर.

“गुरुवारी लोदला पोरीची मेंदी, नि लेआ मॅनेजर म्हणते, ढीग उपसल्याबिगर रजा नाय!”

“डोन्ट वरी, शुलामिथबाई,” म्हणत अंकलनी मावशींच्या टेबलावरच्या डब्यातली पुरी उचलली. पुरी म्हणजे आपली करंजी. कोकणातून इकडे आलेल्या बेने इस्राएल ज्यू माणसाशी यावर वाद घालू नये. मी घातला, मला अर्धीच मिळाली.

“फरशी उतरती आहे. गठ्ठे घरंगळतात.” अंकलनी बटण सोडून पाहिलं. ते उलट्या दिशेला गेलं. “बटण फितूर आहे!” आणखी एक पुरी.

मग बंदरातल्या बोटीवर लोहचुंबक असल्याचा संशय. बटणं प्लॅस्टिकची निघाली. दुःखात पुन्हा पुरी.

“निमिष, शर्ट नि पँट एकाच टेबलावर! गठ्ठे वाढणारच!” त्यांनी मध्ये पुठ्ठा उभा केला. ढीग दोन्हीकडे वाढला. “पुठ्ठा पातळ पडला.”

तेवढ्यात हमाल ईलान तीन रिकामी टेबलं ओलांडून आला, मावशींपुढे गठ्ठा टाकला, पुरी घेतली.

“बाजूला हो, तपास चाललाय!” अंकलनी त्याला हाकललं.

शेजारच्या रिकाम्या टेबलाशी होदाया नखं घासत बसली होती. मान वर न करता हिब्रूत म्हणाली, “तिच्या टेबलावर पुऱ्या आहेत. माझ्या टेबलावर बटणं.”

सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं. अंकलनी, तोंड भरलेलं असल्यामुळे, जरा उशिरा.

लेआ म्हणाली, “डबा बंद!”

“टेबलाशी आल्याला रिकाम्या तोंडानं धाडू? त्यापरीस नोकरी सोडते!” मावशी उसळल्या.

शेवटी ठरलं, डबा रोज वेगळ्या टेबलावर. कामही त्याच्यामागे निमूट फिरू लागलं. मावशींचा ढीग उपसला, रजा मिळाली. मेंदीला जाताना त्या भरला डबा कौतुकानं अंकलपाशी, गेटवर ठेवून गेल्या.

दुपारी पाहतो तर गेटवर अंकल नाहीत. नुसते गठ्ठे. गठ्ठ्यांच्या आतून आवाज आला, “निमिष, मोठी कॉन्स्पिरसी आहे! आधी सुईत दोरा ओव.”