तोंड शिवलेली नवसा

कट्!

अडकित्त्यात सुपारी फुटली आणि रविवार कारंज्यावरच्या त्या माडीतली दुपारची सामसूम मोडली. मनमाडहून आलेल्या नणंदबाई, म्हणजे आक्काबाई, पाय पसरून बसल्या होत्या.

"वहिनी, चार दिवस झाले, पण अजून एक देव दाखवला नाहीत हो! टांगा तरी सांगा."

"टांगा कशाला, वन्सं?" वत्सलाबाईनं पदर खोचला. "पूल ओलांडला की पंचवटी! काळाराम, सीतागुंफा, रामकुंड, सगळं पायी करू. दिवेलागणीला घरी. अहो, नाशिक मला तोंडपाठ आहे!"

खरं सांगायचं तर लग्नाला आठ वर्षं झाली तरी वत्सलाबाई पूल ओलांडून दोनदाच गेली होती, आणि दोन्ही वेळा तिनं पाहिली होती ती फक्त पुढं चाललेल्या सासूबाईंची पाठ. पण मनमाडकरांपुढं नमतं घ्यायचं? छे!

निघताना तिनं पाच वर्षांच्या लेकीची वेणी घातली. चार देवांना साकडं घातल्यावर झालेली, म्हणून नाव नवसा. पोर कसली, दळायला लागलेलं जातं! सकाळी सुरू झालं की रात्रीपर्यंत घरघर.

"नवसे, तिकडे उपाध्ये उभे असतात. कुणी दिसलं रे दिसलं की विचारतात, कुठले, आडनाव काय? एकदा सांगितलंस की संपलं! वही उघडतात, पणजोबा शोधून काढतात आणि संकल्पाला बसवतात. कळलं? तोंड शिवून घ्यायचं!"

"शिवलं," नवसा म्हणाली आणि तिनं ओठ असे मिटले की गाल फुगले.

काळाराम झाला. सीतागुंफेचं तोंड एवढंसं, वाकून, बसून, सरकत आत जायचं. आक्काबाई मात्र ऐसपैस! नवसाला बाहेर वडाखाली वहाणांपाशी बसवून दोघी आत शिरल्या. तिसऱ्या पायरीवर आक्काबाई अडकल्या. पुढंही नाहीत, मागंही नाहीत. बाटलीला बूच बसावं तशा!

"रेटा, वहिनी!"

"रेटतेय, वन्सं!"

"अहो, ती माझी बरगडी आहे!"

आतून पुजाऱ्यानं हात ओढले, मागून वत्सलाबाईनं खांदा लावला. देवदर्शन कसलं! सुटका झाली हेच दर्शन. घामाघूम होऊन दोघी बाहेर आल्या.

वडाखाली दोन जोड वहाणा होत्या. नवसा नव्हती.

वत्सलाबाईनं हाक मारली, "नवसे!" वडाच्या पारंब्यांमागं नाही, नारळाच्या दुकानात नाही. फुलवाली भागुबाई हार गुंफत होती.

"मावशी, हिरवं परकर-पोलकं घातलेली मुलगी पाहिली का हो?"

"नाय बाई. पर हितं एक मुकी पोर घावली म्हणत्यात. उपाध्यानं रामकुंडावर नेली तिला."

"मुकी? माझी पोर झोपेतसुद्धा बोलते हो!"

आणि ती नेमकी उलट्या दिशेला, काळारामाकडं धावली. चारी दरवाजे पाहिले. ओवऱ्या पाहिल्या. एका हिरव्या परकराला मागून घट्ट मिठी मारली, तर ते भलत्याच घरचं लेकरू! त्यानं असा सूर लावला की माणसं जमली. वत्सलाबाईला माणसं दिसेनात. तिला नदी दिसत होती. घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या, त्यावरून सटकलेला एक चिमुकला पाय... सकाळीच न्हाऊ घातलं होतं तिला. कानामागं अजून शिकेकाई राहिली असेल.

मागून धापा टाकत आक्काबाई आल्या. आवाज नारोशंकराच्या घंटेसारखा! "रडू नका, वहिनी! पोर हुशार आहे. नाव सांगेल, गाव सांगेल, कुणीतरी आणून पोचवेल!"

वत्सलाबाई जागच्या जागी थिजली. नाव? गाव?

"अगं बाई! तोंड मीच शिवलंय तिचं!"

ती रामकुंडाकडं अशी पळाली की पदर मागून आला. घाटावर गर्दीच्या मधोमध एका पोथीच्या पेटीवर नवसा बसली होती. पाच उपाध्ये भोवती, आणि गाल अजून फुगलेले!

"माझी आहे! माझी नवसा!"

"थांबा बाई," म्हातारे उपाध्ये मध्ये आले. "अशी कशी देऊ? पोर तुम्हाला ओळखही देत नाही." खरंच, नवसा आईकडं टकामका बघत होती, पण उपाध्यांसमोर ओठ उघडायला तयार नव्हती! "बापाचं नाव सांगा."

वत्सलाबाईच्या जिभेला टाळं लागलं. नवऱ्याचं नाव? घाटावर? परपुरुषांसमोर? ते तिनं देवासमोरही कधी नुसतं घेतलं नव्हतं.

"आमचे... आपले ते... हिचे वडील..."

"त्यांना काही नाव आहे की नाही?"

कुणीतरी हसलं. मागून कुणी म्हणालं, "पोरं पळवणारी दिसते!" वत्सलाबाईनं डोळे मिटले, दोन्ही मुठी आवळल्या आणि ओरडली,

"पंचवटीत वड पाच, गोदेला बांधले घाट,
खंडेरावांची लेक द्या, सोडा माझी वाट!"

घाटावर टाळ्या! रडत रडत घेतलेला उखाणा रामकुंडानं बहुधा पहिल्यांदाच ऐकला असेल.

तेवढ्यात आक्काबाई पोचल्या. "अहो वहिनी, मला विचारायचं! खंडू माझा धाकटा भाऊ. मी शंभरदा घेईन नाव! खंडेराव कुटे, मूळ सायखेड्याचे!"

उपाध्यांचे डोळे लकाकले. "सायखेड्याचे कुटे? अरे, हे तर आपलेच यजमान! वही आणा रे!"

पणजोबा निघाले. त्यांचे वडीलही निघाले. दिवेलागणीला घरी पोचायचं होतं, त्या वेळी दोघी उजव्या तळव्यात पाणी घेऊन संकल्पाला बसल्या होत्या. वत्सलाबाईनं डाव्या हातानं नवसाचं मनगट असं धरलं होतं की बांगड्या रुतल्या असतील. कानामागं खरंच शिकेकाई होती.

नवसानं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, आता बोलू?"

"बोल गं माझे राणी, बोल!"

"मला तर तू सांगितलं होतंस, नाव सांगायचं नाही म्हणून. तुला गं कुणी सांगितलंय?"