बाभळीच्या काट्यावरचा सॅक्सोफोन

बाभळीचा काटा कानाशी धरून, त्याला नखाने टिचकी मारून तो चांगला की वाईट हे सांगणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? आमच्या कोल्हारात आहे. दावीदकाका. सकाळभर प्रवरेकाठच्या बाभळींखाली टिचक्या मारत फिरतात आणि पसंत पडलेले काटे सुपात वाळत घालतात. शेजारच्या सुपात मार्थाकाकूंच्या कुरडया असतात. एखाद्या पाहुण्याने न बघता हात घातला, की काका शांतपणे सांगतात, "खायाचं सूप तिकडं हाय."

हे काटे ग्रामोफोनसाठी. महायुद्धापायी पोलादी पिना बाजारातून नाहीशा झाल्या, तेव्हा लोकांनी यंत्रं झाकून ठेवली. काकांनी बाभूळ धरली. मी एकदा खटपट करून नगरहून पिनांची डबी आणली, तर ती फळीवर ठेवली ती ठेवलीच. "लोखंड तबकडी खातं, बाबा. काटा सोता झिजतो."

तबकडी एकच. तिच्यात काका टेनर सॅक्सोफोन वाजवतात, जाड आणि खालच्या आवाजाचा. मुंबईच्या एका बड्या हॉटेलात साहेब-मडमांच्या नाचाला ते जॅझ वाजवत. मी साहेबाच्या राज्याविरुद्ध पत्रकं वाटत फिरणारा माणूस. म्हणालो, "काका, हे साहेबाचं वाद्य."

"पितळ साहेबाचं आसंल. फुंक माजी हाय."

त्यांची तऱ्हाच वेगळी. बाकीचे चाल आली की तिच्यावर झडप घालतात. काका मागे थांबतात. सगळी वाद्यं गप्प होतात, आता कुणी येत नाही असं वाटतं, मग हे येतात, जेवून हात धुऊन आल्यासारखे. एकच सूर लांबवतात, त्याच्या शेवटी नुसती हवा उरते. "घाई न्हाई" हे त्यांचं पालुपद. चर्चमध्ये सगळ्यांचं आमेन झाल्यावर यांचं एकट्याचं येतं. पाळक एकदा वैतागून म्हणाले, "दावीद, स्वर्गाचं दार लागेल हो."

"मार्था आदी गेली आसंल तर उगडं ठिवंल."

तबकडीच्या लेबलवर बँडमास्तरचं नाव आहे, काकांचं नाही. याचा मला राग येतो. त्याहून मोठा राग हा, की त्या हॉटेलचं दार आमच्या माणसाला वाजवण्यापुरतं उघडं होतं आणि त्याच्या बायकोला ऐकण्यापुरतंही नव्हतं. काकूंनी नवऱ्याचा जॅझ ऐकला तो या तबकडीतूनच. आता काकांचे पुढचे दात गेले, सॅक्सोफोन पेटीत गेला. रोज संध्याकाळी काकू भाजी निवडायला बसत आणि काका काटा लावत.

मग काकूंचे कान जाऊ लागले. काट्याचा आवाज मुळातच मऊ. काकू यंत्राजवळ सरकल्या, मग कर्ण्याला कान लावून बसू लागल्या. एका संध्याकाळी वाद्यं गप्प झाली आणि त्या उठून चुलीकडे गेल्या. त्यांना वाटलं, संपलं. काकांचा सूर मागून आला तेव्हा तो ऐकायला काका आणि मी, दोघंच होतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी फळीवरची डबी काढली.

"काका, तबकडी जाईल."

"जाऊ दे. कुनासाटी राकायची?"

पोलादी पिन लागली आणि घर दणाणलं. वाद्यं गप्प झाली. काकू उठू लागल्या, तसा काकांनी त्यांचा हात धरला. मग तो सूर आला. काकूंनी तो शेवटच्या हवेपर्यंत ऐकला आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

"आजबी उशिराच आलात."

"आलो न्हवं पन?" काका त्यांच्या कानाशी ओरडले.

तेव्हापासून रोज पिनच लागते. तबकडी खरखरू लागली आहे, सूर त्या खरखरीत बुडत चालला आहे. काका अजूनही काटे वेचतात.

वाचकहो, तुमच्या घरात जॅझची जुनी तबकडी असेल तर लावून बघा. मधेच सगळं गप्प झालं तर उठू नका. खालच्या आवाजाचा कुणी उशिरा आला, तर ते आमचे दावीदकाका. लेबलवर त्यांचं नाव शाईने लिहा आणि तबकडी कोल्हारला घेऊन या. काकूंना थोडं ऐकू येतंय तोवर या. तुम्ही तरी घाई करा.