चष्मेवाल्याचा विजय आणि त्यानंतरची परिस्थिती

कोणत्याही मित्रमंडळाच्या दीर्घायुष्यासाठी दोन गोष्टी लागतात: एक मोठं टेबल आणि एक कायम हरणारा माणूस. टेबल कुठंही मिळतं.

आमच्या मंडळाला या दोन्ही गोष्टी एकाच पत्त्यावर मिळाल्या होत्या. चष्म्याच्या दुकानाशेजारचा जिना चढून वर गेलं की चष्मेवाल्याचं घर. तिथं आम्ही दर शनिवारी संध्याकाळी ‘बंदरं’ हा खेळ खेळत असू. (खेळ सोपा आहे. पटावर समुद्र, कडेनं बंदरं, प्रत्येकाचं एक लाकडी जहाज. फासा टाकायचा, जहाज हलवायचं, एका बंदरात माल भरायचा, दुसऱ्यात उतरवायचा. मधोमध वादळाचा काळा पट्टा असतो. त्यात जहाज गेलं की माल बुडाला. जो सर्वांत जास्त माल उतरवतो तो जिंकतो. तो लायकी नसताना कसा जिंकला, यावर बाकीचे घरी पोचेपर्यंत बोलतात.)

सभासदांची ओळख करून देतो. दंतवैद्य: यांच्याकडे आठवडाभर माणसं नाइलाजानं येतात, त्यामुळे शनिवारी कुणीतरी हौसेनं भेटावं अशी त्यांची माफक अपेक्षा असते. वकीलबाई: या चहात साखर कमी पडली तरी ‘माझी हरकत आहे’ असं म्हणतात. माझे साडू: हे फासा टाकण्याआधी त्याच्यावर फुंकर घालतात आणि टाकल्यावर त्याच्याकडे संशयानं बघतात. मी स्वतः वजनमापं तपासणारा निरीक्षक, त्यामुळे निःपक्षपातीपणाचं खातं माझ्याकडे. आणि चष्मेवाला. (त्याला आम्ही एकेरी हाक मारतो, आपुलकीनं. आपुलकी आम्हाला एकमेकांबद्दलही आहेच, पण तिथं आदर मध्ये येतो.)

चष्मेवाला हरत असे. अधूनमधून हरणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांच्या भरवशावर मंडळ चालवता येत नाही. हा नेमानं हरे, आणि हरल्यावर पट आवरून ठेवी. “दुसऱ्यांना लांबचं दाखवतो, पण स्वतःला पुढची चाल दिसत नाही,” असं दंतवैद्य दर शनिवारी म्हणत, आणि चष्मेवाला दर शनिवारी नव्यानं हसे. आठवडाभर कुणाचं काही बिनसलेलं असो, शनिवारी पाचवा नंबर आपला येणार नाही, ही खात्री मनाला केवढा आधार देते, हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. वकीलबाई महत्त्वाचा खटला हरल्या त्या आठवड्यात तर सोमवारपासून विचारत होत्या, शनिवार नक्की आहे ना म्हणून.

आता कामकाजाची पद्धत. चष्मेवाला यजमान असल्यामुळे चहा तो करी. चहानंतर खायला तो आणी, दंतवैद्यांना वारा लागतो म्हणून खिडकी तो लावी, वकीलबाईंना कोंडल्यासारखं होतं म्हणून तोच ती उघडी, आणि कपबशा तो विसळी. यात त्याची पाळी आली की तो आतून ओरडे, “थांबा हं, आलोच!” पण थांबल्यानं खेळाची लय बिघडते. म्हणून आम्ही एक सोय काढली होती. “तू कर तुझं सावकाश, तुझी पाळी आम्ही खेळतो!” त्याच्या वतीनं फासा टाकायचा आणि त्याचं जहाज आमच्या समजुतीप्रमाणे हलवायचं. आमची समजूत बहुधा वादळाच्या दिशेची असे. जहाज वादळातून वाचलंच, तर त्याचा माल जवळच्या गरजू जहाजाला देण्यात येई. यात कधी पक्षपात झाला नाही. माल दर वेळी वेगळ्या माणसाला मिळे. याकडे मी जातीनं लक्ष देत असे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना चष्मेवाला दुकानाच्या पाटीवरचा दिवा बदलायला स्टुलावर चढला आणि खाली आला. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं की जागचं हलायचं नाही.

खेळ रद्द करावा का, यावर आम्ही विचार केला. आजारी माणसाला अशा वेळी एकटं सोडणं बरं दिसत नाही, म्हणून नेहमीच्याच वेळी आम्ही त्याच्याकडे हजर झालो. तो टेबलाशी बसला होता. पाय समोरच्या स्टुलावर. (तेच स्टूल. मन मोठं आहे त्याचं.) आम्ही तब्येतीची चौकशी केली, जहाजं मांडली आणि चहाची वाट बघू लागलो.

बऱ्याच वेळानं दंतवैद्यांनी आतल्या खोलीकडे बघून घसा खाकरला. आत चष्मेवाल्याची ताई पेपर तपासत बसली होती. ती शाळेत गणित शिकवते.

“ताई,” दंतवैद्य प्रेमानं म्हणाले, “आज चहाचं कसं काय?”

“दूध फ्रिजमध्ये आहे,” ताई मान वर न करता म्हणाली. “फ्रिज स्वयंपाकघरात आहे.”

“नाही, म्हणजे, याला उठता येत नाही ना, म्हणून म्हटलं.”

“तुम्हाला काय झालंय?”

प्रश्न वैद्यकीय होता, पण दातांचा नव्हता, म्हणून दंतवैद्य पुन्हा पटाकडे बघू लागले. शेवटी माझे साडू उठले. ते आत गेले, डबे उघडल्याचे आवाज आले, “साखर कुठंय?” अशी हाक आली, आणि नेमकी तेव्हाच त्यांची पाळी आली. दंतवैद्यांनी सवयीनं फासा टाकला, सवयीनं साडूंचं जहाज उचललं आणि सवयीनं वादळात नेऊन ठेवलं. माल वकीलबाईंनी घेतला. त्या दिवशी माल मिळायची पाळी त्यांची होती.

साडू चहा घेऊन आले आणि त्यांनी पटाकडे पाहिलं. ट्रे त्यांच्या हातात तसाच राहिला.

“माझं जहाज इथं कुणी नेलं?”

“तुम्ही आत होतात,” मी समजावलं.

“मी चहा करत होतो! तुमच्यासाठी! आणि तुम्ही इकडे मला बुडवता? ही चोरी आहे, चोरी! सख्खे मित्र म्हणवता आणि...” त्यांचा आवाज खरोखर कापत होता. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर माणूस एवढा चिडतो हे पाहून आम्हाला वाईट वाटलं.

तेव्हा चष्मेवाला हळूच म्हणाला, “म्हणजे तसा नियम नाहीये?”

“कसला?”

“जो टेबलावरून उठतो, त्याचं जहाज वादळात जातं. मला वाटायचं, खेळच तसा आहे.”

वकीलबाईंनी त्या दिवसापुरती हरकत घेतली नाही. साडूंना माल परत देण्यात आला, आणि आम्ही खेळ पुढे चालू केला, कारण अशा प्रसंगी कामात मन गुंतवणं केव्हाही चांगलं.

तो डाव चष्मेवाला जिंकला.

माल मोजून झाला तरी आम्ही पटाकडेच बघत राहिलो. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, “जिंकल्यावर काय करतात?” तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. आतून ताईनं टाळ्या वाजवल्या.

जिना उतरल्यावर आम्ही फुटपाथवरच चौकशी बसवली. दंतवैद्यांच्या मते वेदनाशामक गोळ्यांनी काही लोकांचा मेंदू तात्पुरता तल्लख होतो. वकीलबाईंचा मुद्दा असा की पाय वर ठेवून बसणाऱ्याला मागे रेलता येतं, त्यामुळे पूर्ण समुद्र एका नजरेत येतो, आणि हा इतर खेळाडूंवर अन्याय आहे. साडू रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं घरी गेले.

पुढच्या शनिवारी वकीलबाईंनी घरून थर्मास आणला, म्हणजे कुणाला उठायला नको. कुणीच उठलं नाही. चहा कोमट होता. चष्मेवाला पुन्हा जिंकला, या वेळी दंतवैद्यांच्या जहाजाला वळसा घालून, फार सुंदर चालीनं. दंतवैद्य पाचवे आले आणि त्यांना एकदम आठवलं की घरी काम आहे. आम्ही सगळे मनापासून चष्मेवाल्याच्या घोट्यासाठी प्रार्थना करू लागलो. इतक्या तळमळीनं कुणी कुणाच्या हाडाची काळजी वाहिल्याचं निदान माझ्या पाहण्यात नाही.

अखेर प्लास्टर निघालं. आम्ही पुष्पगुच्छ घेऊन गेलो. चष्मेवाल्यानं तो घेतला, सगळ्यांकडे बघून हसला आणि थोडा लंगडत, भिंतीला हात लावत, स्वयंपाकघरात गेला. शेगडी पेटल्याचा आवाज ऐकून वकीलबाईंचे डोळे भरून आले. खेळ सुरू झाला. त्याची पाळी आली.

“तू कर तुझं सावकाश,” मी म्हणालो, आणि त्याचं जहाज उचललं.

माझी बोटं अजून जहाजावरच होती तेव्हा तो बाहेर आला. हातात एकच कप. तो खुर्चीत बसला, माझ्या बोटांखालून जहाज काढून घेतलं आणि होतं तिथं परत ठेवलं. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत घालता येते.

“दारातून बघत होतो,” एवढंच म्हणाला.

“आणि चहा?” दंतवैद्यांनी विचारलं.

त्यानं एक घोट घेतला. “छान झालाय.”

डाव संपल्यावर (निकाल सांगत नाही) त्यानं सांगितलं की पुढच्या शनिवारपासून तो ताईच्या शाळेतल्या लोकांकडे खेळायला जाणार आहे. “ताई म्हणते, तिथं कुणी उठलं की बाकीचे थांबतात,” तो म्हणाला. आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा होता त्याचा. साडू म्हणाले, “मीही येऊ का?” तो म्हणाला, “या की.”

सध्या मंडळात आम्ही तिघे आहोत आणि तिसरा नंबर कुणाचा यावरून संबंध ताणलेले आहेत. माझ्या घरी जमायचं ठरत होतं. बायकोनं विचारलं, “चहा कोण करणार?” प्रश्न धोरणात्मक असल्यामुळे मी मुदत मागून घेतली आहे.

हे वाचून ‘काय स्वार्थी माणसं!’ असं तुम्ही म्हणाला असाल. हरकत नाही, म्हणा. मात्र तुम्ही इथं निवांत बसून वाचत असताना आतून भांड्यांचा आवाज येत असेल, तर जरा कान द्या, आणि जे कुणी आत असेल त्याला विचारू नका की तुझ्या जहाजाचं कसं चाललंय. विचारलंत, तर ते माणूस बाहेर येऊन बसेल.