वरच्या वावराचा सव्वा महिना

चांदवडच्या किराणा दुकानात रंगनाथ नानांनी पाच किलो गूळ आणि पाच किलो बेसन मागितलं, तेव्हा दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "घरात कोण बाळंत झालं, नाना?"

"वरचं वावर," नाना म्हणाले.

दुकानदार गल्ल्यावर नवा होता. गुळाची ढेप काट्यावर ठेवत त्याने विचारलं, "मग काय झालं? मुलगा का मुलगी?"

"कांदा. सगळा टपोरा. आई बरी हाय, पण अशक्तपणा लय हाय."

मी शेजारीच माझी यादी घेऊन उभी होते. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, होय आणि नाहीच्या मधली. नानांच्या बाबतीत आमचं गाव गेली सहा वर्षं अशीच मान हलवतं.

नानांचा आणि आमचा बांधाला बांध लागतो. माझी रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कोबी. कोणाची किती रोपं, कधी पेरली, कधी न्यायची, हे सगळं वहीत असतं. वहीचं शेवटचं पान मी नानांसाठी वेगळं ठेवलंय, कारण त्यांचे नियम लक्षात ठेवणं ही एक स्वतंत्र नोकरी आहे.

मूळ नियम एकच. पीक निघालं की जमीन बाळंतीण. मग सव्वा महिना, म्हणजे नानांच्या पंचांगात पूर्ण चाळीस दिवस, तिला हात लावायचा नाही. नांगर नाही, रोटाव्हेटर नाही, खताची गोणी नाही. अंगावर पांघरूण मात्र हवं. कांद्याची पात, गव्हाचा भुसा, मक्याची ताटं, मिळेल ते. आणि आठवड्यातून एकदा शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती पाण्यात मुरवून केलेलं जीवामृत. नाना त्याला जीवामृत म्हणत नाहीत, खीर म्हणतात. एकदा तर त्यात डिंक घालायला निघाले होते. त्यांच्या बायकोने, जिजाकाकूंनी, डब्यालाच कुलूप लावलं.

उरलेले नियम भेटायला येणाऱ्यांसाठी. चपला बांधावर काढायच्या. हात हलवत यायचं नाही. बाळंतिणीला भेटायला जाताना कोणी रिकामं जातं का, तसं पाटीभर शेण नाहीतर पालापाचोळा आणायचा. तिच्याजवळ बाजारभावाची चर्चा करायची नाही. "तिला टेन्शन येतं," नाना म्हणतात. शिवाय मोठ्याने बोलायचं नाही. मला हा नियम सगळ्यात जड जातो.

भर दुपारी नाना टोपी सावरत येतात, भुशाचा एक कोपरा उचलतात, खाली तळवा टेकवतात आणि स्वतःशीच म्हणतात, "ताप नाय." मग शेजारच्या माझ्या उघड्या वाफ्यावर हात ठेवतात आणि माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू मी लेकराला उन्हात निजवून गावाला गेले होते.

मागच्या वर्षी कृषी खात्याचे एक तरुण साहेब मातीचा रिपोर्ट घेऊन आले. नानांनी त्यांना बांधावर थांबवून बूट काढायला लावले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"बघा," नाना म्हणाले, "त्याला केव्हाची माती बघायचीय. तुम्हीच कोंडून ठेवलाय."

साहेब बिचारे हसले आणि रिपोर्ट समजावू लागले. "काका, तुमच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी होता, आता थोडा वाढलाय."

"म्हणजे रक्त कमी होतं."

"तसं नाही, कर्ब म्हणजे…"

"रक्तच ते. गोळ्यांनी नाय वाढत, साहेब. खाऊनपिऊन वाढतं."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तसंही म्हणता येईल." जाताना ते बूट हातात घेऊनच गाडीपर्यंत गेले. नानांनी सांगितलं नव्हतं तरी.

आता मी व्यवहारी बाई आहे. वेडाला वेड म्हणते, पण दिसतं ते नाकारत नाही. मोठा पाऊस झाला की माझ्या वावरात दोन दिवस पाणी साचतं, नानांच्या वावरात ते मुरतं. माझ्या आधी त्यांची जमीन वाफशावर, म्हणजे पेरणीजोगी, येते. एकदा मी कुदळ घेऊन दोन्हीकडे एकेक ढेकूळ उकरलं. माझ्याकडे एक गांडूळ निघालं, तेही वाट चुकल्यासारखं. नानांच्या ढेकळात मी सात मोजली, आणि आठव्याला नाना म्हणाले, "बास आता. झाका तिला. वारं लागंल."

जिजाकाकूंना हे सगळं एका पैशाचं पटत नसे. "सूनबाई," त्या मला म्हणायच्या, "म्हाताऱ्याला सांग, पुढच्या वेळी पाळणा पण आण." सहा वर्षांत त्या चाळीस दिवसांत काकूंनी वरच्या वावरात कधी पाऊल टाकलं नाही. नानांची भाकरी बांधावरच्या लिंबाला टांगायच्या आणि तशाच परत जायच्या.

हे वेड सुरू झालं ते वर्ष मला आठवतं. नानांच्या मुलाला, संदीपला, मुलगी झाली होती. काकूंनी सुनेला चाळीस दिवस खाटेवरून उतरू दिलं नव्हतं. धुरापाशी नाही, पाण्यापाशी नाही. नाना ओट्यावर बसून ते सगळं बघत असायचे. तो सव्वा महिना संपला आणि पुढच्या पिकापासून जमिनीचा सुरू झाला. आम्ही म्हटलं, नातीच्या कौतुकात म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

यंदा गोष्ट हातघाईवर आली. रांगडा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी निघणारा कांदा निघाला त्याच दिवशी संदीपने नानांना न सांगता माझ्याकडे टोमॅटोची आठ हजार रोपं सांगितली. रोपं तयार झाली. ट्रेमधलं रोप फार दिवस थांबत नाही, उंच होतं आणि मान टाकतं. मलाही ट्रे पुढच्या पेऱ्याला हवे होते. त्यामुळे संदीप ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून वरच्या वावराकडे निघाला तेव्हा मी रोपांची गाडी घेऊन त्याच्या मागे होते. म्हणजे मी कोणाच्या बाजूने होते ते सांगायला नको.

नाना वावराच्या मधोमध भुशावर मांडी घालून बसले होते. अनवाणी. त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

"नाना, उठा," संदीप ट्रॅक्टरवरूनच म्हणाला.

"नाय."

"रोपं मरतील."

"दुसरीकडं लाव."

"दुसरीकडं अर्धीच बसतात. अवो नाना, जमीन हाय ती. बाई नाय." संदीपचा आवाज चढला. "घरातल्या बाईला तरी एवढं जपलं का कधी?"

त्याने ते नुसतं रागात म्हटलं होतं. पण नानांनी खाली बघितलं ते वर बघेचनात. मला वाटलं होतं, आता काहीतरी तिरकस उत्तर येईल. वहीत लिहून ठेवावं असं. नाना नुसते हाताखालचा भुसा सारखा करत राहिले.

"काय म्हणालास? परत म्हण," मागून आवाज आला. जिजाकाकू भाकरीचं फडकं घेऊन लिंबाखाली उभ्या होत्या.

संदीप गडबडला. "काय नाय, आई. आपलं सहज."

"सहज कशाला, खरंच बोललास. तुझं बारसं झालं आन् दुसऱ्या दिवशी मी या वावरात कांद्याची पात कापत होते. तू त्या बांधावर, झोळीत. तीन दिवस. चौथ्या दिवशी अंगात ताप, आन् तवापासून ही कंबर अशी. मला इथं कोणी आणलं होतं, ते विचार तुझ्या बापाला."

संदीपने नानांकडे पाहिलं.

"मी," नाना भुशाकडे बघत म्हणाले. "माणसं मिळत नव्हती. मी म्हटलं, बसून तर कापायचंय."

ट्रॅक्टर तेवढा धडधडत होता. संदीपने तो बंद केला.

काकूंनी बांधावर चपला काढल्या आणि कंबरेवर हात ठेवून वावरात पाऊल टाकलं. मधे एका जागी भुसा उडून जमीन उघडी पडली होती, ती तापली होती.

"जिजा, पाय भाजतील," नाना म्हणाले.

चार माणसांत नानांनी बायकोला नावाने हाक मारलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. काकूंनीही बहुधा पहिल्यांदाच, कारण त्या मधेच थांबल्या.

"तवा नाय म्हणालात असं," त्या म्हणाल्या.

"नाय म्हणालो."

काकू चालत त्यांच्यापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "सरका तिकडं. सगळा मऊ भुसा एकट्यानं धरून बसलात."

नाना सरकले. काकू हळूहळू, एकेक गुडघा टेकत बसल्या आणि फडक्याची गाठ सोडू लागल्या.

संदीप माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल होते आणि ते माझ्या लक्षात येऊ नये म्हणून तो रोपांकडे बघत होता. "वहिनी, यांचं काय करायचं?"

"अर्धी खालच्या वावरात लाव. उरलेल्यांना मी गिऱ्हाईक बघते, वणीकडचे दोघंजण थांबलेत," मी म्हटलं. मोठ्याने बोलायचं नाही हे तेव्हा मला आपोआप जमलं.

त्याने मान हलवली. मग बांधावरूनच विचारलं, "नाना, हिचे किती दिवस राहिलेत अजून?"

नाना बोटांवर मोजायला लागले. दोनदा चुकले, परत पहिल्या बोटावर आले. मी वही उघडली. कांदा काढल्याची तारीख शेवटच्या पानावर होती.

"सतरा," जिजाकाकू म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नव्हती. त्या भाकरीवर चटणी ठेवत होत्या.

मी तारखा मोजून पाहिल्या. सतराच होते.