प्रवासी बदलून पाहावा

मोहन्याच्या दौलतशेठची गाडी चालता चालता बंद पडू लागली. गाडीत त्यांची आई आवडाबाई असायची. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी कल्याणला न्यावं लागे. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला मिळे आणि म्हातारीला रात्रभर धाप लागे.

सर्व्हिस सेंटरमध्ये हितेश नावाचे सल्लागार होते. त्यांनी स्कॅनर जोडला, बिघाडाचा कोड आला, त्यांनी सेन्सर बदलला. कोड ही नुसती तक्रार असते, गुन्हेगार तपासून शोधायचा असतो. पण एवढा उपद्व्याप करतो कोण? गाडी बंद पडली. पंप बदलला, बंद पडली. मग गाडीचा मेंदू म्हणतात तो कॉम्प्युटर बदलला. नव्या मेंदूनिशी गाडी पुन्हा बंद पडली.

"आरं, पन बिघाड कुठं हाय त्ये तपासलंत का?"

"शेठ, सिस्टीममध्ये तपासणीचा कॉलमच नाहीये. बदलीचा आहे."

पुढे चालक बदलून पाहण्याची शिफारस झाली. शेठऐवजी त्यांचा चुलतभाऊ मितेश चालवायला बसला, गाडी त्याच्याही हाती थांबली. तेव्हा हितेशनी गंभीरपणे लेखी अहवाल दिला: 'वाहन आजी बसल्यावरच बंद पडते. सबब प्रवासी बदलून पाहावा.'

"आई बदलू?" शेठ ओरडले.

"तात्पुरती, शेठ. ट्रायलसाठी."

लाज कशाशी खातात हे या लोकांना कुणी शिकवलंच नसावं!

शेवटी शेठ खडवलीच्या मधुकडे गेले. मधु जुना वायरमन. त्याने वीज मोजायचा मल्टिमीटर काढला, एकेक वायर तपासली, आणि बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगचा नट सैल निघाला. तो घासून आवळला. गाडी सुरू झाली ती थांबेना.

"तपासायचे दोनशे द्या, शेठ."

"दोनशे? नवीन काय टाकलंस तू गाडीत? नुसता नट पिळलास!" सेंटरची बिलं मुकाट भरणारे शेठ पन्नासाची नोट फेकून निघाले, आणि मधु लुटारू आहे हे त्यांनी सगळ्या मोहन्यात सांगितलं.

मधु शहाणा झाला. त्याने मल्टिमीटर माळ्यावर टाकला आणि दारात नव्या पार्टचे खोके रचले. गिऱ्हाइकांची रीघ लागली. सहा महिन्यांनी गाडी पुन्हा अडली तेव्हा शेठही आले. मधुने न बघताच सेन्सर बदलला. शेठनी खूश होऊन मागितले तेवढे मोजले. शहाडच्या पुलावर गाडी बंद पडली. मशीन दुसऱ्याला मिळालं. मागच्या सीटवर आवडाबाई छाती धरून बसली होती.

तुम्ही शेठना शिव्या घालताय? घाला की. पण त्या दिवशी मधुच्या रांगेत शेठच्या मागची गाडी तुमची होती. "आधी तपासू का?" असं त्याने तुम्हाला एकदा विचारूनही पाहिलं. तुम्ही घड्याळ बघून म्हणालात, "टाइमपास नको रे, पार्ट टाक."