रंगनाथअप्पांची प्लेसमेंट

रंगनाथअप्पांच्या फाटकाशी दूधवाला आला की त्याला आधी एक प्रश्न विचारावा लागायचा. मगच आतून पातेलं बाहेर यायचं. फाटकाला सुतळीनं मूलद्रव्यांचा तक्ता बांधलेला होता. दूधवाल्यानं त्यातला एखादा नंबर वाचायचा, "एकोणीस." अप्पा तक्त्याकडं पाठ करून, डोळे मिटून म्हणायचे, "पोटॅशियम." गॅसवाला मात्र प्रत्येक वेळी "एक" एवढंच विचारायचा. अप्पा वैतागून म्हणाले, "अवघड विचार की लेका." तो म्हणाला, "काका, खांद्यावर सिलिंडर आहे. सोपंच विचारणार."

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवर कोपरं टेकून ते मलाही म्हणायचे, "विचारा ताई, काय पण विचारा." मी कॉलेजात मराठी शिकवते, रसायन आणि गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच, असं मी सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "मग मराठीत विचारा."

अप्पा मूळचे कन्नड तालुक्यातले. बारावी सायन्स झाले आणि वडिलांनी त्यांना इथल्या औरंगपुऱ्यात थोरल्या भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसवलं. खिळे, बिजागऱ्या, रंग, थिनर यांत सगळी उमर गेली. गिऱ्हाइकाशी बोलल्याशिवाय ते खिळासुद्धा द्यायचे नाहीत. कुठं ठोकायचा, भिंत विटांची का दगडाची, घर स्वतःचं का भाड्याचं, सगळं विचारून झाल्यावर पुडी बांधायची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या. मग पुतण्यानं दुकानात नवं काचेचं काउंटर केलं आणि त्यामागं अप्पांची खुर्ची काही बसेना. "काका, तुम्ही आता आराम करा," असं पुतण्या अगदी अदबीनं म्हणाला. अप्पा घरी आले.

त्यानंतर एका दुपारी ते भिंतीशी आले आणि तुमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं म्हणाले. मला वाटलं, कुणा नातवाचं घातलं असेल. ऑफिसातल्या क्लार्कलाही तसंच वाटलं होतं. कागद तपासून झाल्यावर त्यानं विद्यार्थ्याला आत पाठवा म्हणून सांगितलं, तेव्हा अप्पा दाराबाहेर गेले आणि तेच पुन्हा आत आले.

आता आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला येणाऱ्यांची सुरुवातीलाच गणित आणि रसायनाची एक चाचणी होते. तिचं नाव प्लेसमेंट टेस्ट. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या शाळांतून मुलं येतात, कुणाचं काय कच्चं आहे ते कळावं, एवढाच हेतू. चांगले मार्क पडले तर सरळ नेहमीच्या वर्गात, नाहीतर आधी पाया वर्गात. नापास कुणीच होत नाही. पण प्लेसमेंट म्हणजे नोकरी, असं साऱ्या जगाप्रमाणं अप्पांनाही वाटलं. या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात नोकरीची परीक्षा घेतात, असं त्यांनी कॉलनीभर सांगून टाकलं. मला तर एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या साहेबांना सांगा ताई, मला नोकरी नको. ती पोरांना द्या."

चाचणीत नापास कुणी होत नाही, हेही त्यांना पटेना. परीक्षा आहे आणि नापास नाही, म्हणजे काहीतरी लबाडी आहे, असं त्यांचं ठाम मत. म्हणून अभ्यास सुरू झाला. शेकडेवारी आणि व्याज त्यांचं तोंडपाठ. पण पुढचं गणित पार विसरलेलं. पहिलाच प्रश्न dy आणि dx चा निघाला, तर अप्पांनी वरचा d खालच्या d नं कापला आणि y भागिले x असं उत्तर लिहून खाली दोन रेघा मारल्या. बरोबर आहे का, असं मला विचारलं. दिसायला सुबक दिसतंय, एवढंच मी म्हणू शकले.

त्यांची मुलगी मीना पुण्याला असते. चाचणीच्या आदल्या दिवशी तिचा मला फोन आला. अप्पांनी आपल्याकडं राहायला यावं, घर विकून टाकावं, असं ती केव्हाची म्हणत होती. शेवटी दोघांचं ठरलं होतं, की चाचणीनंतर कॉलेजनं ठेवून घेतलं तर अप्पा इथंच राहतील, परत पाठवलं तर मुकाट्यानं पुण्याला जातील. आता तिलाच धास्ती वाटत होती. "पोरांपुढं त्यांचा अपमान झाला तर मला नाय सहन होणार," ती म्हणाली. "तुम्ही लक्ष ठेवा."

लक्ष ठेवणं भागच होतं, कारण त्या हॉलवर सुपरव्हिजन माझंच होतं. अप्पा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत लाकडी पॅड घेऊन आत आले आणि सगळा हॉल उभा राहिला. "गुड मॉर्निंग सर," पोरं एका सुरात म्हणाली. अप्पांनी बसा बसा अशी खूण केली आणि तिसऱ्या बाकावर जाऊन स्वतःही बसले. मग जो हशा पिकला, त्यात ते स्वतःही हसले.

शेजारी सिल्लोडकडची एक मुलगी होती. पेपर हातात पडताच तिनं तो उलटा करून ठेवला. अप्पांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तिच्यापुढं ठेवली आणि कुजबुजले, "नापास करत नाय म्हणे. लिही बिनधास्त." ज्या गोष्टीवर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता, ती त्यांनी तिला छातीठोकपणे सांगितली. बोलू नका म्हणून मला त्यांना दटावावं लागलं. "सॉरी मॅडम," ते उभं राहून म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला मॅडम म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

निकाल लागला. दोन्ही विषयांत अप्पा पाया वर्गात. मी बोर्डासमोरून निघाले ती वाटभर वाक्यं जुळवत आले. पाया कुणाचा कच्चा नसतो, वगैरे. घरी पोचले तर अप्पा भिंतीपाशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभे.

"वरच्या वर्गाला आठवड्यातून तीन दिवस तास," ते म्हणाले. "आम्हाला रोज. शनिवारी पण."

मी पेढा हातात धरून तशीच उभी राहिले. शेख मॅडम रसायन शिकवतात आणि पाया वर्ग त्यांच्याकडंच आहे. निकाल कळल्याबरोबर अप्पा त्यांना भेटून आले होते. मार्क किती, हे विचारलंच नव्हतं. चांगला अभ्यास केला तर मधेच वरच्या वर्गात ढकलत नाहीत ना, एवढंच विचारलं होतं.

"तसं नाय ढकलत म्हणाल्या," अप्पा म्हणाले आणि भिंतीवर बसले. माझ्याकडं न बघता बोलले, "दुकान कायमचं सुटल्यावर रोज सांजच्याला मीनाचा फोन यायचा. पहिल्यांदा आवाजच फुटायचा नाय. ती म्हणायची, अप्पा, सर्दी झाली का? मी व्हय म्हणायचो. सर्दी कुठली ताई. सकाळपासून तोंड उघडलेलं नसायचं."

मी हातातला पेढा खाल्ला. त्यांनी दुसरा दिला, तोही खाल्ला.

सोमवारी माझा तास वरच्या मजल्यावर होता. जिन्याकडं जाताना पाया वर्ग लागला. दार उघडं होतं. शेख मॅडम हजेरी घेत होत्या. अप्पा तिसऱ्या बाकावर ताठ बसले होते आणि ती सिल्लोडची मुलगी त्यांच्या पुढच्या बाकावर. एकेक नाव येत होतं, पोरं मान वर न करता "येस मॅम" पुटपुटत होती. मॅडमनी अप्पांचं नाव घेतलं. वडिलांचं नाव, आडनाव सगळं जोडून, शाळेत घ्यायचे तसं.

अप्पा उभे राहिले आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हजर."

मी जिन्यात थांबून मीनाला मेसेज केला की अप्पा वर्गात बसलेत. मग माझ्या तासाला गेले. मला चांगलाच उशीर झाला होता.